उलट्या वाटीवाला पत्रू

"काठी मी टाकली. मीच सांगतो मालकाले."

"तोंड उघडून तर पाय. दात पाडून हातात देईन."

"पाड. पन तू खोटं काऊन बोलला?"

"आता तुले विचारून बोलू का मी?"

"दादा, सजा माई हाये."

"सजा कोनाची ते मालक पायते. तू माती चाळ."

हे भांडण मी मोरीत ऐकलं. आमची मोरी आणि मागचं कारखान्याचं शेड यांच्यामध्ये एका विटेची भिंत, त्यातलीही एक वीट निघालेली. मी राखेने पातेली घासत होते. हात थांबवले आणि ऐकत राहिले. भिंतीला कान लावायची खोड वाईट, मान्य आहे. पण त्या भिंतीला कान लावायची गरजच पडत नसे.

भांडणारे दोघे सख्खे भाऊ. थोरला पत्रू, धाकटा लटारू. कुरखेड्याकडचे, घराणं ओतारी. बापाच्या वेळेपर्यंत पितळेचे देव, दिवे आणि बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ओतायचे आणि जंगलातल्या गावागावांत फिरून विकायचे. मग बाजारात तयार घंट्या आल्या. राहिले देव. पण देव माणूस एकदाच घेतो, दरसाल थोडेच बदलतो. बाप गेला तेव्हा लटारू रांगत होता. पत्रूने त्याला कडेवर वागवलं, लहानाचा मोठा केला. धंदा पार बसला तेव्हा बायको बुधरी आणि भाऊ यांना घेऊन तो चंद्रपूरला आला आणि पठाणपुऱ्यात आमच्या शेडमध्ये कामाला लागला. पत्रू-बुधरीला मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते लटारूच.

शेड माझ्या नवऱ्याचं. मन्सूर त्यांचं नाव. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता ते अल्लाघरी गेले, तिथून काय रागावणार? ते जर्मन ओतायचे. शिकलेली माणसं अल्युमिनियम म्हणतात, आमच्याकडे जर्मन. चेपलेली पातेली, इंजिनांचे तुकडे, तारा असं भंगार वितळवायचं आणि त्याच्या धानगिरणीच्या पुल्या, पाण्याच्या पंपांची खोकी करायची. पुलीत एखादं भोक राहिलं तर चालतं, फिरते बिचारी. पंपाच्या खोक्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पाणी पाझरतं आणि माल घरी परत येतो.

ही भोकं येतात कुठून ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. जर्मनची एक वाईट खोड आहे. थंड असताना अगदी गरीब. पण वितळलं की दारुड्यासारखं पितं. हवेतली ओल, भंगाराला चिकटलेला थेंब, दांडीवरचा दमटपणा, जे मिळेल ते. त्या ओलीतून एक हवा निघते. हायड्रोजन तिचं नाव. नाव मला नात सायमा शाळेत शिकली तेव्हा कळलं, गुण आधीच माहीत होते. ही हवा जर्मनच्या पोटात जाऊन बसते. साच्यात ओतलं, थंड व्हायला लागलं, की ते प्यायलेलं सगळं ओकायला बघतं. पण तोवर वरून गोठलेलं, बाहेर पडायला वाट नाही. मग आतल्या आत बारीक जाळी पडते, खमिरी रोटी मोडल्यावर दिसते तशी. रोटीला जाळी पडली तर करणारीचं नाव होतं. पंपाला पडली तर करणाऱ्याचं नाव जातं.

आणि भांडण ज्या काठीचं होतं ती काठी जांभळाची. पितळ ओतताना पत्रूचा बाप मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, हिरवी काठी खुपसायचा. काठीतला रस उकळतो, पितळ खळखळतं, घाण वर येते, ती काढून टाकायची. त्यांच्या घराण्यात सगळे तसंच करत आलेले. लटारूने बापाला हे करताना कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकलेल्या गोष्टीवर माणसाचा जरा जास्तच विश्वास असतो. एक दिवस वितळलेल्या जर्मनवर मळी फार दिसली. याने आमच्याच अंगणातल्या जांभळाची फांदी मोडली आणि मुशीत खुपसली. जर्मन झकास खळखळलं. लटारू खूश. ज्या धातूला ओल्या हाताचा वाराही चालत नाही, त्याला याने रसरशीत फांदी पाजली होती.

त्या घाण्याची सगळी खोकी वाया गेली. आमच्याकडे खोकं तपासायची रीत अशी की बाहेरून चुना फासायचा आणि आतून रॉकेल लावायचं. भोक असलं की रॉकेल पाझरून चुन्यावर ओला डाग उमटतो. त्या दिवशी डाग इतके उमटले की खोक्यांना देवी आल्यासारखं दिसत होतं. मुशीत कोळसा झालेलं काठीचं बुडखं सापडलं. मन्सूर ओरडले, "हे कोनाचं काम? ज्यानं काठी टाकली तो आजपासून वाटी धरीन." आणि पत्रू म्हणाला, "मी टाकली."

वाटी म्हणजे लांब लोखंडी दांडीच्या टोकाला उलटी बसवलेली भोकाभोकांची वाटी. कागदातून पांढरी गोळी सोडवायची, वाटीखाली धरायची आणि दांडी मुशीच्या तळापर्यंत दाबून ठेवायची. गोळी तापली की तिचा वायू सुटतो. त्याचे बुडबुडे तळापासून वर येताना जर्मनच्या पोटातली हवा सोबत घेऊन येतात. जर्मन साफ होतं. फक्त जे वर येतं ते समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येतं. विहिरीत टाकायच्या पावडरीचा डबा कधी नाकाशी उघडला असेल तर तो वास आठवा, आणि त्याला चुलीवर चढवा. तो पांढरा धूर घशातून उतरताना समजायचा. आधी हे काम कोणी महिनाभराच्या वर टिकून केलं नव्हतं. म्हणून तर ती सजा होती.

दुपारी मन्सूर जेवायला बसले तेव्हा मी सांगून टाकलं, "काठी पत्रूनं नाई, लटारूनं टाकली."

"मालूम हाये."

"मालूम हाये?"

"पत्रू असता तर फांदी कोयत्यानं कापली असती. ते ओरबाडून काढली हाये. साल लोंबून राह्यली झाडाले, जाऊन पाय."

"मंग वाटी लटारूले द्या ना."

"लटारूचा हात थरथरते. वाटी थरथरली का जर्मन ढवळते, उलटी आणखी हवा पिते. मले हात पायजे. कबुली कोनाची का असेना. भाजी वाढ."

माझा नवरा दुष्ट नव्हता. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसायचं, पण हिशेबाच्या वेळी तो एकच डोळा उघडा ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी पत्रू ओसरीशी आला. मी तिथेच तांदूळ निवडत होते. तो म्हणाला, "मन्सूरभाऊ, वाटी मी धरतो. तुमी म्हनान तवरोक धरतो. पन एक जबान द्या. लटारूच्या हातात ते वाटी द्याची नाई. कधीच नाई."

"काऊन बापा, तो काय साखरेचा हाये?"

"साखरेचा नसन. पन घरात एक खोकला बस हाये."

मन्सूर हसले आणि म्हणाले, "नाई देत. जा."

ही नव्वदच्या पुढच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. तिथून पुढे दहा वर्षं पत्रूने वाटी धरली.

तो उंचीने बेताचा, पाठीत थोडा वाकलेला, हाताचे पंजे मात्र दुसऱ्या कुणाचे आणून लावावेत इतके मोठे. गोळी घालण्याआधी वाटी भट्टीच्या कडेला शेकत ठेवायचा, पाण्याचा अंशही राहू नये म्हणून. मग तोंडाला पंचा बांधायचा. कोरडा. ओला बांधला असता तर धूर जरा तरी अडला असता. पण वितळलेल्या धातूपाशी ओलं काही न्यायचं नाही, एक थेंब पडला तरी मूस उसळून तोंडावर येते. भाजून मरायचं नसेल तर कोरड्याने श्वास घ्या, असा तो कायदा. मी न्हाऊन ओल्या केसांनी मागच्या दारात आले की तो तिथूनच ओरडायचा, "बाई, तिथीच थांबा! केस वाळवून या!" पुरुषांनी बायकांना भट्टीपासून दूर ठेवायचे जेवढे नेम केले, त्यातला हा एकच मला पटला.

वाटी तळाशी दाबली की तो मान फिरवून भिंतीकडे बघायचा, श्वास धरायचा. धूर छतापर्यंत जायचा, पत्र्यातून अंगणात उतरायचा. जांभळाची शेडकडची बाजू हळूहळू करपली. पानं यायची, कडेने तपकिरी व्हायची आणि गळायची. काही वर्षांनी झाड असं झालं की गल्लीकडून बघाल तर हिरवंगार, शेडकडून बघाल तर काटक्या. शेजारीण म्हणायची, "तुमचं झाड अर्धांगवायू झाल्यावानी दिसते." दोरीवरच्या कपड्यांचे रंग उडायचे. आम्ही दोरी हलवली. झाड हलवता येत नव्हतं, आणि पत्रू हलणार नव्हता.

बुडबुडे थांबले की तो वाटी काढायचा, मळी बाजूला सारायचा आणि पळीभर जर्मन सपाट विटेवर ओतून उकिडवा बसायचा. गोठताना ती पोळी मधोमध फुगली तर हवा अजून आत आहे, पुन्हा गोळी. मधे खळगा पडला तर साफ, ओता. खळगा पडलेला बघून तो स्वतःशी मान हलवायचा आणि मागच्या दाराशी यायचा. मी गुळाचा खडा द्यायचे. धुरावर गूळ खावा असं ओतकाम करणारे सगळे मानतात. गुळाने काय होतं अल्ला जाणे. पण दुसरं देण्यासारखं होतं काय?

पुढेपुढे त्याच्या जिभेची चव गेली. ईदेला मी त्याला बिर्याणी दिली आणि विचारलं, "पत्रूभाऊ, मीठ बरोबर हाये का?"

"मले कायले विचारता बाई? तुमची बिर्यानी बी गोळीवानी लागते, बुधरीची अंबाडी बी गोळीवानी लागते. तिचा फायदा झाला. आता दोघी सारख्या."

बुधरी शेजारीच होती. म्हणाली, "चव होती तवा कोनती तारीफ केली गा?"

"तवा भेव वाटे."

असा तो. खोकल्याचीही चेष्टा करायचा. पहाटे इतका खोकायचा की त्यांच्या चाळीतले लोक उठायचे. म्हणायचा, कोंबडं पाळायचा खर्च वाचला सगळ्यांचा. पण हसता हसता खोकला सुरू व्हायचा आणि मग हसू कुठे राहिलं ते त्यालाच सापडत नसे. बाजारातल्या डॉक्टरने त्याला विचारलं, बिडी किती पितोस? हा म्हणाला, पीत नाही. डॉक्टरने बिडी सोडायला सांगितली. पत्रू येऊन मला म्हणाला, "बाई, आता सोडाले तरी एक बिडी आनून पेवा लागन."

लटारू या सगळ्या वर्षांत साच्याची माती करायचा. माती चाळायची, थोडी ओलवायची, साचा ठोकायचा. त्यात तो तरबेज झाला, थरथर गेली. साचा करणाऱ्याची जागा दाराशी, उघड्या हवेत. गोळी काढली की पत्रू आधी त्याच्याकडे बघायचा आणि हाताने खूण करायचा, बाहेर जा. लटारू जायचा. पण त्याचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं नसे. भावाच्या उपकाराखाली माणूस वाढला की त्याची पाठही वाकते, फक्त दिसत नाही.

एकदा मन्सूरनी नागपूरहून नायट्रोजनचं सिलिंडर आणलं. त्याची नळी मुशीत सोडली की तेच बुडबुडे, पण धूर नाही, वास नाही. पत्रू तर खुळ्यासारखा नळीकडे बघत राहिला. म्हणाला, "हे तर हुक्क्यावानी हाये, मन्सूरभाऊ. बसून करता येते." जोवर सिलिंडर भरलेलं होतं तोवर त्याचा पहाटेचा खोकला अर्ध्यावर आला, बुधरीनेच सांगितलं. मग ते संपलं. भरून आणायला पुन्हा नागपूर. गाडी मिळेना, आणि गिराइकं दारात उभी. "तवरोक गोळी वापर," मन्सूर म्हणाले. ते 'तवरोक' कधी संपलंच नाही. सिलिंडर शेडच्या कोपऱ्यात आडवं पडलं आणि आमच्या कोंबड्या त्यावर बसायला लागल्या.

दहाव्या वर्षाच्या पावसाळ्यात पत्रू खाली बसला. सर्द हवेत जर्मन जास्त पितं, म्हणून पावसाळ्यात गोळ्या जास्त लागतात, धूर जास्त. एक दिवस वाटी काढली आणि भिंतीला धरून तो जो बसला तो उठेना. ओठ निळे पडलेले. लटारूने त्याला पाठीवर घेऊन घरी नेलं. डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं.

त्याच आठवड्यात पंपाच्या खोक्यांची मोठी मागणी आली. मन्सूर भट्टीपुढे येरझाऱ्या घालत होते. वाटी भिंतीला टेकून उभी. मी दारात होते. लटारू माती टाकून उठला, पंचा तोंडाला बांधला, वाटी शेकायला ठेवली. मन्सूरनी पाहिलं. तेव्हा ते 'नको' म्हणू शकले असते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले.

पत्रू आला तो चौथ्या की पाचव्या दिवशी. कोणी बोलावलं नव्हतं, घरात करमेना म्हणून काठी टेकत आला. शेडमध्ये जेवणाची सुट्टी होती, माणसं बाहेर. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले तर तो विटेपाशी उकिडवा. विटेवर सकाळच्या ओतीची पोळी तशीच होती. मधे सुरेख खळगा. त्याने ती उचलली, उलटी केली, अंगठा फिरवला.

"बाई, वाटी कोन धरून राह्यला?"

मी काही म्हणायच्या आत बाहेर लटारू खोकला. साधाच खोकला, घशातला. पत्रूने पोळी विटेवर ठेवली. इतक्या हळू ठेवली की आवाज झाला नाही.

मन्सूर आले तसा तो म्हणाला, "भाऊ, जबान देल्ली होती तुमी."

"माल द्याचा होता, पत्रू. तू झोपला होता. मी काय करू, जर्मनले थांब म्हनू?"

"हो. थांब म्हनाचं होतं."

"अन् गिराइक?"

"गिराइकाले बी."

"आता लटारू लहान नाई. त्यानं सोताच वाटी घेतली, मी हातात नाई देल्ली. ईचार सुलतानाले."

नवरे असे कामाला लावतात बायकोला. मी म्हटलं, "हातात नाई देल्ली पत्रूभाऊ. पन हातातून घेतली बी नाई." आणि चहा ठेवून निघून आले. त्या दिवशी मन्सूर जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. मला ती शांतता काही वाईट वाटली नाही.

पत्रूने भांडण वाढवलं नाही. त्याची रीत वेगळी. आमचा माल सिंदेवाहीला जायचा. तिथे वारलू म्हणून गिरण्यांचा मिस्त्री होता. दर गुरुवारी पत्रू पुल्या-खोक्यांचं पोतं सायकलवर बांधून बसस्टँडवर न्यायचा आणि सिंदेवाहीच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचा. तिकडे वारलू उतरवून घ्यायचा. दोघांची ओळख सगळी कंडक्टरच्या तोंडून झालेली. त्या गुरुवारी पत्रूने कंडक्टरकडे निरोप धाडला, माझा भाऊ साच्यात हुशार आहे, पुल्या बसवायला शिकेल, ठेवून घे. पुढच्या गुरुवारी वारलूचा जबाब आला, पाठव.

लटारूला मात्र सांगितलं, "पोतं जड हाये, सोबत जा. वारलूले पुली बसवाले मदत कर अन् चार दिवसांनं ये." तो गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पत्रूने पोत्यासोबत त्याचं अंथरूण-पांघरूण आणि कपड्याचं गाठोडं पाठवून दिलं.

आणि स्वतः वाटी घेतली. मन्सूर म्हणाले, तू कशाला, मी दुसरा माणूस बघतो. त्यांनी दोन-तीन जण आणलेही. वास आला की दुपारी निघून जायचे. पत्रू म्हणाला, "राह्यलं तेवढं माप मीच भरतो, भाऊ. माया छातीत आता नवीन काई बिघडाचं नाई राह्यलं." खरं कारण त्याने मला सांगितलं नाही, बुधरीने सांगितलं. वाटी रिकामी राहिली तर लटारूला परत बोलावतील, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याचा डबा घेऊन आलेली बुधरी भांडी पुसता पुसता म्हणाली, "एकाले वाचवाले एक जळून राह्यला बाई. अन् मी कोनाले थांबवू? तो थांबला का हा येते. हा येते का माया पोटाचा पोरगा गेल्यावानी होते. म्हनून मी भाजी-भाकर करतो." आणि खरंच, ती डबा झाकून घरी गेली.

दिवाळी झाल्यावर लटारू आला. गाठोडं पाठीवर, रागाने लाल. सरळ शेडमध्ये. मी मोरीत नव्हते, अंगणातच होते, सगळं समोर दिसत होतं. पत्रू वाटी शेकवत होता. हाताला आधार म्हणून त्याने दांडीखाली लोखंडाचा घोडा लावला होता, कारण दांडीचं वजन त्याला पेलत नव्हतं.

"मले फसवून धाडलं दादा तू."

"गाडी भेटली का बरोबर?"

"गाडी गेली खड्ड्यात. वाटी दे."

"वारलू पोटभर देते का जेवाले?"

"वाटी दे म्हन्लं ना. तू मरून राह्यला."

"इथी एकाचंच काम हाये. मालकाले ईचार."

दोघेही मन्सूरकडे वळले. मी पण बघत होते. लटारू तरणा, छाती भरलेली, हात आता पक्का. त्याला ठेवलं असतं तर कारखान्याची पुढच्या दहा वर्षांची काळजी मिटली असती. पत्रू फक्त बघत होता, त्या मोठ्या पंज्यात दांडी धरून. त्याला मागायचं ते सगळं मागून झालं होतं.

मन्सूर म्हणाले, "जागा नाई बापा."

"कशी नाई? हा खोकून खोकून..."

"नाई म्हन्लं ना. मले दोन मानसं परवडत नाई. वारलूनं ठेवलं तर राय तिथी. इथी येऊ नको."

लटारू थुंकला, आमच्या उंबऱ्यावर नाही, बाजूला, आणि निघून गेला. त्या खोट्यासाठी माझ्या नवऱ्याला वर काय मिळालं असेल ते मला माहीत नाही. इथे त्याला एक निरोगी माणूस गमवावा लागला, आणि त्याने तो गमावला. पुढे किती तरी दिवस ते वाटी पत्रूसोबत धरायला उभे राहायचे, एक हात त्यांचा, एक त्याचा. दोघे मिळून खोकायचे.

पत्रू त्या हिवाळ्यात गेला. शुक्रवारी, घरी, बुधरीच्या समोर, बसल्या बसल्या. त्याला आडवं पडता येत नव्हतं बरेच दिवस. त्याच्यानंतर मन्सूरनी पंपाची खोकी करणं सोडलं. नुसत्या पुल्या ओतल्या, वाटी भंगारात टाकली. बुधरीला लटारू घेऊन गेला. तो अजून सिंदेवाहीत आहे, पोराबाळांचा धनी. गिरणीच्या कोंड्याने शिंकतो. खोकत नाही.

आता पत्रू गेला त्याच्या आदल्या दिवसाचं, गुरुवारचं, सांगते. माझी मुलगी आफ्रीन मूलला दिलेली, तिच्याकडे मला जायचं होतं. मूल सिंदेवाहीच्याच वाटेवर, म्हणून मी त्याच गाडीत. खिडकीशी बसले होते तर स्टँडच्या फाटकातून पत्रू येताना दिसला. सायकलवर पोतं बांधलेलं. पण तो सायकलवर नव्हता, सायकल धरून होता. दहा पावलं चालायचा, सीटवर छाती टेकायचा, पुन्हा चालायचा. पाणपोईशी थांबला, पाणी प्यायला नाही, नुसता थांबला.

पोतं त्याने आणि कंडक्टरने मिळून चढवलं, माझ्या पायापाशी सरकवलं.

"बाई, पाय वर घ्या. वळनावर घसरते हे."

"पत्रूभाऊ, एवढं वझं आनलं? सरफराजले तरी सोबत घ्याचं." सरफराज माझा मुलगा.

"त्याले पोतं बांधता येत नाई. गाठ सुटते." मग दम घेतला आणि कंडक्टरकडे वळला. "वारलूच्याच हातात द्याचं. दुसऱ्याच्या नाई."

"दर गुरुवारी तेच सांगतोस काका."

"दर गुरुवारी तू नवा असल्यावानी ऐकत जाय."

कंडक्टर हसला. "अन् भावाले काय सांगू? तोच निरोप?"

"तोच. म्हन, इथी समदं ठीक हाये. काम काई नाई."

त्याने पोत्याची गाठ एकदा ओढून बघितली, खाली उतरला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी हलली. तो सायकल फिरवून, हँडल धरून, भट्टी पेटायच्या वेळेला पोचावं म्हणून पठाणपुऱ्याकडे चालायला लागला.